कडप्प्याच्या जुन्या ओट्याला रंग: पाच हजारांत आणि कोकणच्या हवेत काय टिकतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूरकडचं जुनं चिऱ्याचं घर, स्वयंपाकघरात ११ फूट लांब आणि २ फूट रुंद कडप्प्याचा ओटा. काळेपणा जाऊन तो राखाडी, पांढरट झालाय. पुढच्या कडेचे टवके उडालेत, सिंकजवळ गवंड्याने कधीतरी सिमेंटचं ठिगळ मारलंय. ग्रॅनाइट झेपत नाही, हाताशी पाच हजार आहेत. व्हिडिओत दाखवतात तसं संगमरवरी रूप हवंय, काम गणपतीच्या आत व्हायला हवंय, आणि खिडक्या रंगवून उरलेला ऑइल पेंट घरात आहे, तो चालेल का?

ऑइल पेंट चालणार नाही. गणपतीच्या आत रंगवू नका. संगमरवरी रूप पाच हजारांत बसत नाही, पण साधा एकरंगी ओटा नीट होतो आणि थोडे पैसे उरतातही. कारणं खाली देतो, कारण ती कळली नाहीत तर पेंटर जे म्हणेल ते ऐकावं लागतं.

रंगाची कंपनी, शेड, ग्लॉसी की मॅट हे सगळं नंतरचं. ओट्यावरचा रंग निघतो तो जवळजवळ दर वेळी खालून निघतो. दगडात मुरलेलं तेल, दगडातली ओल, किंवा गुळगुळीत पृष्ठभाग, या तिघांपैकी एक जण रंगाला धरू देत नाही. दुकानातला महागातला महाग डबा आणला तरी या तिघांपुढे त्याचं काही चालत नाही. म्हणून पैसे डब्यावर कमी आणि वेळ तयारीवर जास्त घालवायचा.

त्याआधी एक गोष्ट तपासा: ओटा रंगवायची गरज आहे का? कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे. आम्लाने तो खाल्ला जातो. आपल्याकडे लिंबू, चिंच, आमसुलं, आगळ, व्हिनेगर यातलं काहीतरी रोज ओट्यावर सांडतं आणि जिथे सांडलं तिथली चकाकी जाऊन पांढरट डाग राहतो. हा मळ नव्हे, दगडाचा वरचा थर झिजलेला असतो. म्हणून कितीही घासलं तरी तो जात नाही आणि पाणी लावलं की तेवढ्यापुरता काळा दिसतो. असा कडप्पा सलग असेल, ठिगळं नसतील, तर त्याला रंगापेक्षा पॉलिश परवडतं. लादी पॉलिश करणारे मशीनने करतात. हातानेही होतं: १२०, २२०, ४०० आणि ६०० नंबरचा वॉटर पेपर क्रमाने, पाणी घालत, गोलाकार. चार माणसांच्या हाताला काम आहे, पण खर्च काही शेकड्यांत. शेवटी दगडासाठी मिळणारं मुरणारं सीलर दिलं की वर्षभर बरं राहतं. त्यावरही लिंबाचा डाग पडतो, फक्त तो पुन्हा घासून काढता येतो.

दुसऱ्या तऱ्हेचा पांढरेपणा म्हणजे लोणा. समुद्राजवळच्या जुन्या घरांत, खाऱ्या पाण्यात कालवलेल्या चुन्या-सिमेंटमधून क्षार वर येतात आणि दगडावर पांढरी भुकटी धरतात. बोट फिरवल्यावर पीठ लागलं आणि ते खारट असलं तर लोणा. बोटाला काही लागलं नाही तर आम्लाचा डाग. लोणा येत असेल तर तिथे रंग लावण्यात अर्थ नाही. क्षार पाण्याबरोबरच वर येतात, म्हणजे आधी ओल कुठून येते ते शोधायचं.

तुमच्या ओट्याला सिमेंटचं ठिगळ आहे आणि कडा गेल्यात, त्यामुळे पॉलिश करूनही तो एकसारखा दिसणार नाही. रंगाचा विचार करायला तुमच्याकडे खरं कारण आहे. मोझॅकचा ओटा, रेड ऑक्साइडचा कोबा, डाग पडलेल्या पांढऱ्या टाइल्स यांनाही हेच लागू. मात्र ओट्यावरच चूल असेल किंवा पाटा-वरवंटा बसवलेला असेल तर त्या भागाला रंग लावूच नका. आणि प्लायवर लॅमिनेटचा ओटा असून कडा फुगल्या असतील तर रंगाने प्लाय परत बसत नाही.

आता गणपतीचं. चाकरमानी यायच्या आत घर लखलखीत करायची घाई सगळ्यांना असते, आणि नेमकी तीच हवा या कामाला सगळ्यात वाईट. ओट्याला चालतात त्या एपॉक्सी आणि पीयू (पॉलियुरेथेन) रंगांचा नियम असा की दगडाचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्यापेक्षा, निदान ३ अंश जास्त हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी. ऑगस्टमधल्या पावसाळी दिवशी हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के धरा. दवबिंदू येतो साधारण २६ अंशांवर. म्हणजे दगड २९ च्या वर हवा, आणि चिऱ्याच्या भिंतीला टेकलेला ओटा तर हवेपेक्षाही गार असतो. डोळ्यांना दिसत नाही, पण त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतोच. तेच जानेवारीत दुपारी २८ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता असली तर दवबिंदू १८ च्या आसपास. दहा अंशांची मोकळीक मिळते.

हे दोन-पॅकचे रंग, म्हणजे एका डब्यात रंग, दुसऱ्यात तो कडक करणारा हार्डनर, आणि दोन्ही ऐनवेळी कालवायचे. दमट हवेत त्यांचं नुसतं वाळणं लांबतं असं नाही, त्यांची रसायनक्रियाच बिघडते. एपॉक्सीचा हार्डनर हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन वर बुळबुळीत, मेणचट थर धरतो. त्यावर दिलेला रंगाचा पुढचा हात (थर) महिन्याभरात सालीसारखा निघतो. पीयूचा हार्डनर पाण्याशी थेट भिडतो आणि त्यातून वायू सुटतो. रंगात टाचणीच्या टोकाएवढे फुगे दिसतात, ते यामुळे. लोक पेंटरला बोल लावतात, दोष हवेचा असतो.

शिवाय हा रंग पूर्ण पक्का व्हायला कोरड्या हवेत आठवडा लागतो, पावसाळ्यात दोन. गणपतीत स्वयंपाकघर पहाटेपासून रात्रीपर्यंत तापलेलं असतं. उकडीच्या मोदकांची वाफ, नैवेद्याची धावपळ, पाणी, तेल, गरम टोप. कच्च्या रंगाचं पहिल्याच आठवड्यात वाटोळं होईल. तेव्हा गणपतीसाठी ओटा स्वच्छ घासा, वर सांगितलेल्या वॉटर पेपरने जमेल तेवढा उजळा, आणि रंग डिसेंबर ते फेब्रुवारीत काढा. एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक काही शेकड्यांत मिळतो, तो घेऊन ठेवा. पुढे घरातल्या इतर रंगकामालाही उपयोगी पडतो.

ऑइल पेंट का नको, तेही सांगतो, कारण हा प्रश्न फार येतो. एक तर तो उष्णतेने मऊ पडतो, गरम भांडं ठेवलं की भांड्याला चिकटून येतो. दुसरं, त्यातलं तेल आणि सिमेंटमधला क्षार यांचा ओल मिळाली की साबण होतो. तुमच्या त्या सिमेंटच्या ठिगळावर तर तो काही महिन्यांत चिकट होऊन सुटेल. भिंतीचा इमल्शन किंवा एक्स्टिरियर रंगही नको. तो पाणी झेलतो, पण घासणं झेलत नाही.

आणि व्हिडिओतला संगमरवर? तो रंग नसतो, रेझिन ओतलेलं असतं. ते सपाट पसरायला निदान ३ मिलिमीटर जाडी लागते. तुमचा ओटा २२ चौरस फूट, म्हणजे साधारण २ चौरस मीटर. ३ मिलिमीटर जाडीला ६ लिटरच्या वर रेझिन लागेल, कडेवरून गळून जाणारं वेगळं. पाच हजार तिथेच संपतात. त्यात आपले जुने ओटे पाणी सिंककडे जावं म्हणून मुद्दाम उतार देऊन बसवलेले असतात. रेझिन त्या उताराने सिंकच्या बाजूला जाऊन साचतं आणि दुसऱ्या टोकाला पातळ राहतं.

तुम्हाला हवा आहे तो दोन-पॅक एपॉक्सी प्रायमर आणि त्यावर दोन-पॅक पीयू. एपॉक्सी दगडाला घट्ट धरतो पण उन्हाने पिवळा पडतो आणि त्यावर चरे लवकर उठतात. पीयू घासणं, तेल आणि ऊन झेलतो पण थेट दगडावर तेवढा धरत नाही. म्हणून दोघांची जोडी. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात दोन्ही लहान पॅकमध्ये मिळतात. मिरकरवाड्यासारख्या बंदराजवळ होड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानांतही एपॉक्सी प्रायमर आणि पीयू मिळतो. तिथे एक काळजी घ्या. होडीच्या तळाला शेवाळ, कालवं धरू नयेत म्हणून लावतात तो रंग चुकूनही घेऊ नका, त्यात तांब्याचं विष असतं. दुकानदाराला स्पष्ट सांगा की वरच्या भागाचा पीयू हवाय.

किती लागेल? वरचा भाग २२ चौरस फूट, पुढची पट्टी धरून २६ म्हणू, म्हणजे साधारण २.४ चौरस मीटर. प्रायमरच्या एका हाताला ३५० मिलिलिटरच्या आसपास, पीयूच्या एका हाताला ३०० च्या आत. प्रायमरचे दोन हात आणि पीयूचे दोन हात धरले तरी दोन्हीचा एकेक लिटरचा पॅक पुरतो. त्यातच हार्डनर आला. वर पीयूचं थिनर अर्धा लिटर, टवके भरायला दोन भाग कालवून वापरायची लांबी (भरणीचा लगदा) किंवा एम-सील, वॉटर पेपर, ४ इंची फोम रोलर तीन-चार, हातमोजे, मास्क. दुकान आणि कंपनीप्रमाणे कमी-जास्त होईल, पण स्वतः केलंत तर पाच हजारांत आरामात बसतं. मजुरी द्यायची असेल तर पेंटरशी आधीच ठरवा की तयारीचे दोन दिवस त्यात धरलेत. नाहीतर तो सकाळी येऊन दुपारी रंगवून जाईल.

तयारीत पहिला शत्रू तेल. कडप्पा काळा दिसावा म्हणून आपल्याकडे त्यावर खोबरेल किंवा रॉकेलचं फडकं फिरवायची पद्धत आहे. वर्षानुवर्षं ते आत मुरलेलं असतं. त्यात फोडणीचे शिंतोडे. म्हणून घासायच्या आधी धुवायचं, हा क्रम उलटा करू नका. आधी पॉलिश पेपर मारला तर तेलाची पूड दगडाच्या रंध्रांत आणखी कोंबली जाते. एक लिटर कढत पाण्यात दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा, हातमोजे घालून ताठ ब्रशने घासा, दहा मिनिटं राहू द्या, पुन्हा घासा, मग साध्या पाण्याने तीनदा धुवा. सोडा राहिला तर तोही रंगाखाली क्षार म्हणून त्रास देतो. शेगडीच्या दोन्ही बाजूंना सहसा काळपट तेलकट पट्टे असतात. तिथे खाण्याच्या सोड्याचा दाट लगदा अर्धा सेंटिमीटर जाड थापून वर प्लास्टिक झाका, दुसऱ्या दिवशी काढा. एकदा पुरलं नाही तर पुन्हा करा.

तेल गेलं की नाही ते अंदाजाने ठरवू नका. ओट्यावर पाणी शिंपडा. थेंब मण्यांसारखे उभे राहिले तर तेल आहे. पाणी पसरून सलग ओलसर पापुद्रा झाला तर दगड स्वच्छ. हे पाच-सहा ठिकाणी बघा. डाग निघत नाहीत म्हणून टॉयलेट साफ करायचं ॲसिड ओतायचा सल्ला कुणी देईल. कडप्प्यावर ते फसफसतं, दगड खातं आणि मागे क्षार सोडतं. नको.

दुसरा शत्रू ओल. ती सिंकमधून येते त्यापेक्षा जास्त वेळा भिंतीतून येते. चिरा पाणी पितो. पावसाळाभर पश्चिमेच्या झडीची बाजू भिजलेली असते, आणि ओटा त्या भिंतीत खोचलेला असला तर मागच्या कडेने ओल दगडाखाली उतरते. धुतल्यावर ओटा चार दिवस वाळू द्या. मग दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने सील करून लावा. एक तुकडा भिंतीकडे, एक सिंकजवळ, एक मधे. निदान १६ तास ठेवा, रात्रभर धरून दुसऱ्या दुपारपर्यंत ठेवलं तर उत्तम. आतून दव धरलं किंवा खालचा दगड बाजूच्यापेक्षा गडद दिसला तर ओल आहे. सिंकजवळ आली तर पाइपचा जोड आणि सिंकचा गळा बघा. भिंतीकडे आली तर बाहेरून भिंतीचा बंदोबस्त होईपर्यंत थांबा, किंवा मागची चार-सहा इंच पट्टी रंगवूच नका आणि तिथे टाइलची पट्टी बसवा. हे दिसायलाही वाईट दिसत नाही.

मग टवके. पुढच्या कडेचे टवके बहुतेक घरांत नारळामुळे असतात. कडेवर आपटून नारळ फोडायची सवय मोडली नाही तर नव्या रंगाचंही तेच होईल. टवक्यातली सुटी माती-कण ब्रशने काढा, थिनरच्या फडक्याने पुसा, एम-सील किंवा दोन भागांची लांबी दाबून भरा, दगडापेक्षा किंचित वर ठेवा आणि वाळल्यावर घासून बरोबर करा. भिंतीची पांढरी पुट्टी इथे वापरू नका. ती पाणी पिते आणि मऊ पडते. सिमेंटचं ठिगळ हातोडीच्या दांड्याने वाजवून बघा. पोकळ वाजलं तर काढून पुन्हा भरा. सिमेंट नव्याने भरलंत तर रंगायच्या आधी त्याला २८ दिवस द्या. म्हणून लहान ठिगळाला लांबीच बरी. जुनं सिलिकॉन दिसेल तिथून ब्लेडने पूर्ण काढा. त्याच्यावर कुठलाच रंग धरत नाही.

घासायचं ८० नंबरने, मग १२० ने. चकाकी पूर्ण गेली पाहिजे, ओटा बोटाला खडूसारखा लागला पाहिजे. टाइल्स असतील तर १२० ते १८० चा वॉटर पेपर, पाणी लावून. आणि आधी प्रत्येक टाइल नाण्याने वाजवून बघा. पॉलिश केलेला ग्रॅनाइट साध्या पेपरला दाद देत नाही, त्याला डायमंड पॅड लागतो, आणि खरं तर ग्रॅनाइटवर रंग लावायची वेळ सहसा येत नाही. दगडाची धूळ फुप्फुसाला वाईट, मास्क घाला. धूळ ओल्या फडक्याने दोनदा पुसा आणि पुन्हा एक दिवस वाळू द्या.

रंगाच्या दिवशी गॅस सिलिंडर बंद करून दुसऱ्या खोलीत किंवा पडवीत ठेवा, देवघरातला दिवाही मालवा. थिनरची वाफ पेट घेते. खिडक्या उघड्या, पंखा मात्र बंद, नाहीतर धूळ बसते. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, हे रसायन श्वासाला वाईट. दम्याच्या माणसाने, लहान मुलांनी त्या दिवशी घरातच थांबू नये. साधा कापडी मास्क पुरत नाही, रंगकामाचा कार्बन काडतुसाचा मास्क घ्या. फवारणीचा पेंटर बोलावू नका. घरात पीयूची फवारणी करायची नसते.

सकाळचं दव गेल्यावर, दहाच्या सुमाराला सुरू करा आणि शेवटचा हात दुपारी तीनपर्यंत संपवा. संध्याकाळी हवा गार होऊन पुन्हा दव धरतं.

बेसचा डबा तळापासून ढवळा, जड रंग खाली बसलेला असतो. नुसता वरचा पातळ भाग घेतला तर हार्डनरचं प्रमाण चुकतं. प्रमाण डब्यावर असतं, कधी मापाने, कधी वजनाने, तेही नीट वाचा. अंदाजे ओतू नका. हार्डनर जास्त घातला की लवकर वाळतो हा गैरसमज आहे, त्याने थर ठिसूळ किंवा चिकट राहतो. औषधाचं माप किंवा सुईविरहित मोठी सिरिंज यासाठी छान चालते. एका वेळी २००-२५० मिलिलिटरच कालवा. काही प्रायमर कालवल्यावर १५ ते ३० मिनिटं ठेवायला सांगतात, मग लावायला सांगतात. आणि कालवलेलं उरलं तर उंच डब्यात भरून ठेवू नका. एपॉक्सी स्वतःच्या उष्णतेने तापत जातो आणि भांड्यातच थिजतो. पसरट थाळीत ओतून घेतलात तर थोडा जास्त वेळ मिळतो.

पहिला प्रायमरचा हात पातळ, दगडात मुरण्यासाठी. कोपरे आणि सिंकच्या कापलेल्या कडा आधी ब्रशने. सिंकच्या भोकाची आतली कड आणि दगडाची खालची दोन बोटं रुंद पट्टीसुद्धा रंगवा. ओट्याचा रंग सुटायला सुरुवात होते ती बहुतेक वेळा इथूनच: वरून सुरेख दिसतं, पण पाणी कापलेल्या कडेतून दगडात शिरतं आणि वरच्या थराला आतून ढकलतं. दुसऱ्या दिवशी हात फिरवून बघा, बुळबुळीत लागलं तर कोमट पाणी आणि थोड्या साबणाने पुसून, स्वच्छ पाण्याने धुऊन, वाळवून २२० ने हलकं घासा. मग दुसरा हात.

पीयूचे दोन हात, मधे रात्रभर. थिनर त्याचंच, पीयूचं. नेहमीचं एनसी थिनर नको, त्यात अल्कोहोल असतं आणि ते हार्डनर खातं. रंग वरवर लागतो पण कधीच कडक होत नाही. रॉकेल किंवा टर्पेंटाइनचा तर प्रश्नच नाही. फोम रोलर आधी चिकटपट्टीवर फिरवून सुटे धागे काढा. एका बाजूने दुसऱ्या बाजूला जा, शेवटचा हलका फेरा एकाच दिशेने, आणि मग परत वळून तिथे रोलर लावू नका. संध्याकाळी ओट्यावरची ट्यूबलाइट लावू नका. उडणारे किडे त्या उजेडाला येतात आणि सकाळी ओट्यावर रुतलेले सापडतात. मुंग्यांसाठी पायथ्याला हळदीची रेघ ओढा.

रंग कुठला हे तुमच्या आवडीवर, फक्त पांढरा शुभ्र नको. हळदीचा डाग पीयूवरही काही दिवस राहतो. राखाडी, गडद हिरवट किंवा काळ्याच्या जवळचा सॅटिन चांगला. खूप चकाकीत प्रत्येक चरा दिसतो. भिंतीचा आणि सिंकचा सांधा रंगाचे हात पूर्ण झाल्यावर, दोन-तीन दिवसांनी, बुरशीरोधक सिलिकॉनने भरा.

चोवीस तासांनी हात लावता येतो, तीन दिवसांनी हलकी भांडी ठेवता येतात. पाणी आणि घासणं सात ते दहा दिवसांनी. तेवढ्या दिवसांची जेवणाची सोय आधी लावून ठेवा, पडवीत किंवा मागीलदारी एक शेगडी मांडली की झालं.

नंतरची पथ्यं. घरच्या हवेत पक्का झालेला एपॉक्सी साधारण ५० ते ६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो, वरचा पीयू त्याहून थोडा बरा. कुकर शेगडीवरून उचलून थेट ओट्यावर ठेवला की गोल कडं उमटतं आणि ते जात नाही. आडणी हवीच, ती शेगडीच्या शेजारीच ठेवा म्हणजे घाईतही हात तिकडे जाईल. थेट रंगावर पोळी लाटणं, भाकरी थापणं, भाजी चिरणं नको. परात, पोळपाट, पाट वापरा. नारळाची किशी आणि राख किंवा तारेची घासणी बंद, मऊ स्पंज आणि साबणाचं पाणी पुरे. आगळ किंवा लिंबू सांडलं तर पीयूला लगेच काही होत नाही, पण चरा असेल तर तो खाली कडप्प्यापर्यंत पोचतो, म्हणून पुसून घ्या. एप्रिल-मेमध्ये फणस ओट्यावर कापू नका, जमिनीवर पोतं पसरून कापा. तरी चीक लागलाच तर सुरीने खरवडू नका, खोबरेल चोळून मऊ करा आणि पुसा. ओल्या काजूंच्या बिया सोलताना खाली दोन वर्तमानपत्रं घाला. त्यांच्या सालीतलं तेल कातडीला भाजतं तसं रंगालाही डागतं.

असा ओटा किती टिकेल? घरात माणसं किती, सिंकचा वापर कसा, आडणी वापरली जाते की नाही यावर आहे. मापात वापर असेल तर तीन-चार वर्षं बरा दिसतो. सिंकच्या आजूबाजूचा दीड फूट त्याआधी एकदा डागडुजी मागेल, हे धरूनच चाला. भाड्याने दिलेल्या किंवा होमस्टेच्या स्वयंपाकघरात मी निम्मंच आयुष्य धरेन.

सुटलेला तुकडा दिसला की लगेच त्याची कड १२० ने घासून उतरती करा, थेंबभर प्रायमर आणि वर पीयू. पाणी आत शिरून दहा इंच फुगेपर्यंत थांबू नका. यासाठी उरलेला रंग ठेवाल, पण पीयूचा हार्डनर एकदा उघडला की आपल्या हवेत लवकर घट्ट होतो. ढवळताना धागे सुटले किंवा जेलीसारखा दिसला तर तो टाकून द्या आणि डागडुजीला नवा लहान पॅक आणा.